‘द किंग इन यलो’मधले दुवे: कोणते धरायचे, कोणते सोडून द्यायचे

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकी लेखक रॉबर्ट चेंबर्सचा ‘द किंग इन यलो’ हा भयकथांचा संग्रह दोनदा वाचून झाला. याच नावाचं एक काल्पनिक नाटक त्यातल्या कथांमध्ये फिरत राहतं. सुरुवातीच्या चार कथा आतून कुठेतरी जोडलेल्या आहेत असं वाटत राहतं, पण हाती ठोस काही लागत नाही. बोरिस, स्कॉट, कॅस्टेन ही नावं फिरून फिरून येतात, त्यांची सांगड कशी घालायची? पहिल्या कथेतलं १९२० साल खरं धरायचं की वेड्याची बडबड? आणि इतकं करूनही अर्थ लागला नाही, तर आपलं वाचन कमी पडलं की लेखकानेच हात वर केले?

यात खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र झाल्यामुळे गोंधळ होतो. पहिला: कथांमध्ये दुवे आहेत का? हा पुराव्याचा प्रश्न, त्याचं उत्तर बऱ्यापैकी नक्की देता येतं. दुसरा: त्या दुव्यांमधून एकच एक अर्थ निघतो का? त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असं आहे, पण त्या ‘नाही’लाही हद्द असते. संदिग्ध म्हणजे वाटेल तो अर्थ लावायला मोकळीक, असं नाही. दोन किंवा तीन अर्थ शिल्लक राहतात, बाकीचे मजकूरच बाद करतो.

आधी पुस्तकाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. १८९५ सालच्या मूळ पुस्तकात दहा कथा आहेत. बाजारात मिळणाऱ्या काही आवृत्त्यांमध्ये फक्त पहिल्या चार-पाच छापलेल्या असतात. तुमच्या प्रतीची अनुक्रमणिका एकदा तपासा, कारण पुढे मी ज्या दोन दुव्यांबद्दल लिहिणार आहे ते कापलेल्या भागात आहेत. लेखक १९३३ साली वारला, पुस्तक केव्हाच स्वामित्वहक्काबाहेर गेलं आहे, त्यामुळे पूर्ण मजकूर जालावर फुकट मिळतो. तोच घ्या. त्यात नाव टाकून शोधता येतं, आणि या कामात ती सोय मोलाची आहे.

पहिलं वाचन नुसतं वाचन म्हणून करा, हातात पेन नको. दुसऱ्या वाचनाच्या वेळी वहीत पाच रकाने आखा: नाव किंवा वस्तू, कोणत्या कथेत, कोण सांगतंय, त्या माणसाला हे कळायची काही सोय होती का, आणि दुसऱ्या कोणी दुजोरा दिलाय का. पहिले दोन रकाने सगळेच भरतात. खरं काम शेवटच्या तीनमध्ये आहे. अशा कथांमध्ये काय सांगितलं यापेक्षा ते कोणाच्या भरवशावर सांगितलं हे जास्त महत्त्वाचं असतं, कारण या चारही कथा ‘मी’ बोलतो त्या आहेत आणि प्रत्येक ‘मी’ची अवस्था कमीजास्त बिघडलेली आहे.

आता हे ‘द रिपेअरर ऑफ रेप्युटेशन्स’ला लावून बघू. निवेदक हिल्ड्रेड कॅस्टेन. तो सांगतो की १३ एप्रिल १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरच्या दक्षिण बाजूला पहिलं सरकारी ‘लीथल चेंबर’ सुरू झालं, म्हणजे ज्याला जगणं नकोसं झालं त्याला मरायची अधिकृत सोय. जर्मनीशी झालेलं युद्ध, दुसऱ्या आगीनंतर पुन्हा उभं राहिलेलं शिकागो, असा सगळा भविष्यकाळ तो मोठ्या थाटात मांडतो. पुस्तक १८९५चं, म्हणजे वाचकाला वाटतं की ही पंचवीस वर्षं पुढची कथा आहे. पण हे सगळं सांगणारा माणूस घोड्यावरून पडून डोक्याला मार लागल्यावर डॉक्टर आर्चरच्या वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला आहे, आणि स्वतःला अमेरिकेच्या सिंहासनाचा वारस समजतो.

इथे बहुतेक वाचक एका उडीत निकाल लावतात: निवेदक वेडा, म्हणून सगळं खोटं. ही घाई करू नका. वेडा माणूसही घर, रस्ता, हवामान बरोबर सांगतो. ‘मी’ने सांगितलेल्या कथेत खरंखोटं करायची एकच भक्कम जागा असते: दुसऱ्याच्या तोंडचं असं वाक्य, जे निवेदक आपल्याला ऐकवतो पण ज्याचा अर्थ त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. अशा जागा मी पेन्सिलीने खुणावून ठेवतो. या कथेत त्यातली सगळ्यात चांगली जागा तिजोरीची आहे.

हिल्ड्रेडकडे पोलादी तिजोरी आहे. तिचं वेळेचं कुलूप उघडायला पावणेचार मिनिटं लागतात आणि ती मिनिटं त्याला सुखाची वाटतात. आत हिऱ्यांनी मढलेला मुकुट. एकदा तो मुकुट घालून आरशासमोर उभा असताना चुलतभाऊ लुई खोलीत येतो. हिल्ड्रेड मुकुट परत ठेवतो, जड पोलादी दारं लावतो आणि घणघणणारी धोक्याची घंटा थांबते. घंटा थांबल्याचं लुईच्या लक्षात आल्यासारखं दिसत नाही, हे हिल्ड्रेड स्वतःच नोंदवतो. आणि पुढे जाता जाता सांगतो की लुई तिजोरीला बिस्किटांचा डबा म्हणाला.

एवढंच. त्यावर एक शब्द टिप्पणी नाही. लुईला खोटं बोलायचं कारण नाही, हिल्ड्रेडला हे लपवायचं सुचत नाही, आणि लेखक मध्ये पडत नाही. या एका शब्दाने पोलाद, घंटा, वेळेचं कुलूप तिन्ही कोसळतात. मुकुट कशाचा असेल हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पण वहीत याच्या उलट बाजूची नोंदही झाली पाहिजे, आणि ती लोक विसरतात. खालच्या मजल्यावरचा हॉबर्क जुनी चिलखतं दुरुस्त करतो. एका प्रसिद्ध चिलखताचे हरवलेले भाग कुठे पडलेत हे वरच्या मजल्यावरचा मि. वाइल्ड, तोच तो लोकांची गेलेली अब्रू दुरुस्त करून देणारा, बसल्या जागी सांगतो. पुढे हॉबर्क स्वतःच म्हणतो की ते पेल स्ट्रीटवरच्या एका माळ्यावर खरंच सापडले. हिल्ड्रेड हसून घराचा नंबर विचारतो, ९९८ का? हॉबर्क हो म्हणतो. म्हणजे वाइल्ड हा निव्वळ भ्रमिष्टाचा भ्रमिष्ट मित्र नाही. त्याला काही गोष्टी कळतात आणि त्या खऱ्या निघतात. कशा कळतात, याचं उत्तर कथेत नाही. बिस्किटांचा डबा आणि पेल स्ट्रीट या दोन्ही नोंदी ज्या अर्थात मावतात तोच अर्थ टिकाऊ. ‘सगळं भास’ यात पेल स्ट्रीट मावत नाही आणि ‘सगळं खरं’ यात डबा मावत नाही.

कथेच्या शेवटी संपादकाची म्हणून एका ओळीची टीप आहे: हिल्ड्रेड कॅस्टेन काल गुन्हेगार वेड्यांच्या इस्पितळात वारला. संपूर्ण कथेत हिल्ड्रेडच्या डोक्याबाहेरचा आवाज तेवढा हाच. त्यात दोन गोष्टी बघा. इस्पितळ गुन्हेगारांचं आहे, म्हणजे हातून काहीतरी घडलं असलं पाहिजे. आणि ‘काल’ म्हटलंय, पण तारीख नाही. ज्या कथेचा सगळा तिढा सालावर आहे तिथे एकमेव भरवशाचा साक्षीदार साल सांगत नाही. हे चुकून झालं असेल असं मला वाटत नाही.

आता कथांमधले दुवे. मी ते तीन ढिगांत टाकतो.

पहिल्या ढिगात पक्के. दोन वेगळ्या कथांत, दोन वेगळ्या निवेदकांनी, पूर्ण ओळख पटेल असा उल्लेख केला असेल तर तो पक्का. असे दोन आहेत. एक, शिल्पकार बोरिस इव्हेन. हिल्ड्रेड सांगतो की लीथल चेंबरपुढचा ‘द फेट्स’ हा शिल्पसमूह त्याने घडवला आणि तो तेविसाव्या वर्षी पॅरिसमध्ये वारला. ‘द मास्क’मध्ये हाच बोरिस मध्यवर्ती पात्र आहे. जिवंत वस्तूचा संगमरवर करणारं रसायन त्याने शोधलेलं असतं. ते त्याच्या घरावर उलटतं आणि तो स्वतःचा जीव घेतो. दोन, खुद्द कॅस्टेन. ‘द यलो साइन’चा निवेदक म्हणतो की आपण ओळखत असलेल्या तरुण कॅस्टेनच्या भयंकर शोकांतिकेमुळे आपण ते नाटकाचं पुस्तक कधी उघडलं नाही.

दुसऱ्या ढिगात अर्धवट. ‘द मास्क’मध्ये बोरिसचा मित्र जॅक स्कॉट हा चित्रकार आहे. ‘द यलो साइन’चा निवेदकही चित्रकार आणि त्याचंही आडनाव स्कॉट. एकच माणूस असावा असं बहुतेक जण धरतात, मीही धरतो, पण वहीत पुढे प्रश्नचिन्ह ठेवतो. कारण दुसऱ्या कथेतला स्कॉट बोरिसबद्दल किंवा त्याची प्रेयसी जेनव्हिएव्ह, जिचा त्या रसायनाने दगड होतो, तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. माणसाचा दगड झालेला ज्याने पाहिला, त्याने खिडकीखालच्या, मुडद्यासारख्या दिसणाऱ्या चर्चच्या पहारेकऱ्याला पाहून त्याची आठवण काढू नये हे जरा विचित्र आहे.

याच ढिगात सिल्व्हिया. ‘द यलो साइन’मधल्या स्कॉटचं जुनं प्रेम ब्रिटनीच्या उन्हात न्हालेल्या जंगलात मागे राहिलंय आणि तिचं नाव सिल्व्हिया. ‘द स्ट्रीट ऑफ द फोर विंड्स’ या पुढच्या कथेत सेव्हर्न नावाच्या कलावंताला एका मांजरीच्या गळ्यातल्या बंदावर ‘सिल्व्हिया एल्व्हन’ हे नाव सापडतं. तो म्हणतो, एल्व्हन हे गावाचं नाव, तिथे मला माझं दैव भेटलं आणि तिथे त्याचं नाव सिल्व्हिया होतं. एल्व्हन हे ब्रिटनीतलं खरंखुरं गाव आहे. नाव तेच, मुलूख तोच, दोघांचीही ताटातूट. पण माणसं दोन आहेत, आणि एकाच बाईवर दोघांनी जीव टाकला असं सांगणारी एकही ओळ नाही. हा दुवा मला फार आवडतो, आणि नेमका म्हणूनच पहिल्या ढिगात टाकत नाही. आवडलेल्या दुव्याला जास्त कडक पुरावा मागायचा, अशी मी सवय लावून घेतली आहे. चेंबर्सने पॅरिसमध्ये चित्रकला शिकलेली होती. आपल्या तरुणपणातली नावं आणि गावं तो हात लावेल तिथे वापरतो, इतकंही त्याचं स्पष्टीकरण पुरू शकतं.

तिसरा ढीग वाचकाने स्वतः जोडलेल्या गोष्टींचा. नमुना सांगतो. मि. वाइल्डच्या डाव्या हाताला बोटं नाहीत. ‘द यलो साइन’मधल्या पहारेकऱ्याचं एक बोट झटापटीत थॉमस नावाच्या नोकराच्या हातात तुटून येतं. लगेच तर्क निघतो: वाइल्ड हाच मरून पहारेकरी झाला! मजकुराकडे परत जा. वाइल्डचा हात डावा आणि बोटं सगळीच गेलेली, पहारेकऱ्याचा हात उजवा आणि गेलेलं बोट एकटं मधलं. शिवाय वाइल्डला दोन्ही कान नाहीत, त्या जागी मेणाचे कान. पहारेकऱ्याच्या कानांबद्दल अवाक्षर नाही. दोन कथांत बोटं नसलेले दोन हात आले म्हणून दुवा होत नाही. तिसरा ढीग फेकून द्यायचा असं मी म्हणत नाही, पण त्यावर इमला चढवायचा नाही.

मग १९२०चं काय? पक्के दुवे हाताशी आले की हा हिशेब करता येतो. हिल्ड्रेडची कथा खरंच १९२० साली घडली असेल, तर कॅस्टेनच्या शोकांतिकेचा उल्लेख करणारी ‘द यलो साइन’ त्यानंतरची, निदान १९२०च्या वसंतानंतरची ठरते. आता त्या कथेतल्या थॉमसकडे बघा. स्कॉटच्या इमारतीतला हा नोकर, इंग्रज. पहारेकऱ्याला घाबरून पळालो हे सांगताना शरमतो आणि आपण भित्रे नाही हे पटवायला म्हणतो की तेल-अल-कबीरला मी पहिल्या फळीत होतो, गोळीही खाल्ली. तेल-अल-कबीरची लढाई इजिप्तमध्ये १३ सप्टेंबर १८८२ रोजी झाली. तेव्हा तो अठरा-वीसचा धरला तरी १९२०नंतर तो साठीला टेकलेला हवा. कथेत तो घंटा वाजली की वर धावणारा, रात्री गल्लीत पहारेकऱ्याशी हाणामारी करणारा पोरगेला गडी आहे. १८९०च्या आसपास तो तिशीच्या जवळ येतो आणि सगळं सुरळीत बसतं.

म्हणजे १९२०चं अमेरिकी साम्राज्य हिल्ड्रेडच्या डोक्यातलं, याला हा बाहेरून मिळालेला पुरावा आहे आणि बिस्किटांचा डबा आतून मिळालेला. दोन्ही एकाच बाजूला झुकतात. स्कॉट वॉशिंग्टन स्क्वेअरच्याच परिसरात राहतो आणि लीथल चेंबरचा उल्लेखही करत नाही, हा तिसरा पुरावा म्हणून लोक पुढे करतात. मी त्याला फार किंमत देत नाही. माणूस आपल्या शेजारच्या सरकारी कचेरीचा उल्लेख न करता आयुष्य काढतो.

यावर रास्त आक्षेप असा की लेखकाने एवढा हिशेब केलाच नसेल. एका कथेत गंमत म्हणून भविष्य घातलं, दुसरीत जुनं नाव टाकलं, झालं. शक्य आहे. लेखकाच्या मनात काय होतं यावर मी पैज लावणार नाही. पण वाचकापुढे मनं नसतात, छापलेली पानं असतात, आणि त्या पानांत एक मांडणी मोडते तर दुसरी टिकते. मात्र निष्कर्ष लिहिताना शब्द जपून वापरा. ‘चेंबर्सला असं म्हणायचं आहे’ असं लिहू नका. ‘मजकुरात याला आधार आहे, त्याला नाही’ इतकंच लिहा.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी रीत. वहीचं नवं पान घ्या आणि प्रत्येक कथेतल्या घटना सांगितल्या त्या क्रमाने नाही, घडल्या त्या क्रमाने लिहा. या पुस्तकाबद्दल सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: ‘ते नाटक जो वाचतो तो वेडा होतो.’ क्रम लावल्यावर हे वाक्य किती लंगडं आहे ते दिसतं.

हिल्ड्रेड आधी घोड्यावरून पडतो, मग इस्पितळ, आणि बरा होत असताना नाटक पहिल्यांदा वाचतो. तो ते शेकोटीत फेकतोही, पण जाळीवर आपटून ते उघडं पडतं आणि दुसऱ्या अंकाचे पहिले शब्द नजरेस येतात. डोकं नाटकामुळे फिरलं की आपटल्यामुळे? चेंबर्सने दोन्ही कारणं शेजारी शेजारी ठेवली आहेत आणि त्यातलं एक काढून घेतलेलं नाही.

‘द यलो साइन’मध्ये क्रम आणखी मजेदार आहे. वाचताना आपल्याला आधी पहारेकरी दिसतो, मग स्कॉटची मॉडेल टेसी हिचं प्रेतगाडीचं स्वप्न, मग तिने स्कॉटला दिलेली काळ्या दगडावरची सोन्याची खूण, मग पुस्तक, मग मृत्यू. पण ती खूण देताना टेसी सांगते की ती मला गेल्या हिवाळ्यात मत्स्यालयातून येताना सापडली, आणि त्याच दिवशी ते स्वप्न पहिल्यांदा पडलं. म्हणजे घडल्याचा क्रम असा: खूण, स्वप्न, पहारेकरी, सगळ्यात शेवटी पुस्तक. पुस्तक हातात यायच्या कितीतरी आधी हे प्रकरण सुरू झालंय. शिवाय सापाच्या कातड्यात बांधलेलं ते पुस्तक स्कॉटच्या कपाटात कोणी ठेवलं हे त्यालाही ठाऊक नाही. पुस्तक रोगाचं मूळ नसून शेवटचं लक्षण आहे, असा अर्थ इथे उभा राहतो आणि तो मजकुराला धरून आहे.

‘द मास्क’मध्ये निवेदक अलेक नाटक थोडंसं चाळतो, पण घडतं ते रसायनामुळे. पुस्तक आधी आणि भोग नंतर असा सरळ क्रम फक्त ‘इन द कोर्ट ऑफ द ड्रॅगन’मध्ये सापडतो, आणि तिथेही निवेदक तीन रात्रींच्या यातनांनी पिचलेला आहे. त्या कथेत चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस सज्जातून एकदा बाहेर जाताना दिसतो आणि मध्ये परतल्याशिवाय पुन्हा त्याच दिशेने जाताना दिसतो. निवेदकाला हे खटकतं, पण वाचक पुढच्या पाठलागाच्या भरात ते विसरतो. पाठलाग खरा की प्रार्थनेत डोळा लागला, याचा वाद घालण्याआधी ती दुसरी फेरी कुठे बसते ते बघा. ती पाठलाग सुरू व्हायच्या आधीची आहे. स्वप्नच म्हणायचं तर ते तिथून सुरू झालं असं म्हणावं लागेल.

आता नावांचा सापळा. या कथांमध्ये येणारी कार्कोसा, हाली, हास्तुर ही नावं चेंबर्सची स्वतःची नाहीत, अमेरिकी कथालेखक अँब्रोज बिअर्सकडून घेतलेली आहेत. बिअर्सच्या १८८६च्या कथेत कार्कोसा हे उद्ध्वस्त प्राचीन शहर आहे आणि हाली हा एक विचारवंत, ज्याचं वचन कथेच्या माथ्यावर दिलंय. चेंबर्सकडे हाली हे सरोवर झालं. बिअर्सकडे हास्तुर हा मेंढपाळांचा दयाळू देव. चेंबर्सकडे ते कुठे ताऱ्यांच्या ओळीतलं नाव, तर ‘द देम्वाझेल दीस’ या पाचव्या कथेत चक्क शिकारी ससाणे सांभाळणारा नोकर. म्हणजे चेंबर्सने नावांचा नाद उचलला, अर्थ उचलला नाही. ‘हाली म्हणजे नक्की काय’ याचा कोश बनवायला बसाल तर लेखकानेच न केलेलं काम तुमच्या गळ्यात पडेल.

उलट दिशेने तर आणखी जपा. भयकथालेखक लव्हक्राफ्टने हे पुस्तक १९२७ साली वाचलं आणि यातली काही नावं १९३१च्या ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’मध्ये ओझरती टाकली. पुढे त्याच्या वाटेने लिहिणाऱ्या ऑगस्ट डर्लेथने हास्तुरला महाभयंकर शक्ती करून टाकलं. मग २०१४ची ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ ही टीव्ही मालिका आली आणि पिवळा राजा घरोघरी पोहोचला. हे सगळं वाचायला, बघायला हरकत नाही, पण १८९५च्या पानावर ते मागे ढकलू नका. प्रत्येक दुव्याशेजारी साल लिहा. नंतरचं साल आधीच्या सालाचं स्पष्टीकरण होऊ शकत नाही, इतका नियम पाळला तरी जालावरचे निम्मे तर्क गळून पडतात.

मग शेवटी संदिग्ध काय उरतं? माझ्या वहीत दोनच गोष्टी उरतात. नाटक माणसाला बिघडवतं, की बिघडू लागलेल्या माणसाच्या हाती ते येतं? आणि वाइल्डला पेल स्ट्रीट कसं कळलं? पहिल्याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्हींना आधार आहे. दुसऱ्याला उत्तरच नाही. १९२०चा प्रश्न मी यात धरत नाही, तो पुराव्याने बराचसा सुटतो. तुमची अडचण बहुधा अशी झाली की जे सुटतं आणि जे सुटत नाही ते एकाच गाठोड्यात बांधलं गेलं. अर्नाळकरांच्या रहस्यकथेत शेवटच्या पानावर चोर हातात देतात, ती अपेक्षा इथे नेली की सगळंच अपुरं वाटतं.

जाता जाता वाचनाची दिशाही सांगतो. आधी चार कथा सलग, छापल्या त्याच क्रमाने. मग ‘द देम्वाझेल दीस’ आणि ‘द स्ट्रीट ऑफ द फोर विंड्स’. त्यानंतर बिअर्सची कार्कोसावरची कथा, ती अगदी छोटी आहे. मग परत ‘द रिपेअरर’, या खेपेला फक्त लुई, हॉबर्क आणि हॉबर्कची मुलगी कॉन्स्टन्स यांच्या तोंडची वाक्यं वेगळी काढून. हिल्ड्रेडचं निवेदन झाकून ठेवलं आणि नुसती या तिघांची वाक्यं ओळीने वाचली तर एका आजारी नातेवाइकाला सांभाळून घेणाऱ्या माणसांची कथा समोर येते. शेवटच्या पॅरिसच्या कथांपैकी उरलेल्या तिन्हींत पिवळ्या राजाचा धागा शोधत बसू नका. त्यातली एक १८७०च्या वेढ्याची आहे, बाकी विद्यार्थ्यांची प्रेमप्रकरणं. सवड असेल तर वाचा.